दातातला दोरा

पार्लरमध्ये तिला सगळ्या कुलूप म्हणायच्या. नाव ठेवलं होतं चिमणीनं, आणि स्वतः चिमणीच्या तोंडाला साधी कडीसुद्धा नव्हती! कुलपाला भुवया करायला भारी आवडायचं. कारण सोपं. दोऱ्याचं एक टोक दातात धरलं की कुणी कितीही खोदून विचारो, उत्तर द्यावंच लागत नाही.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की दोघी एकमेकींच्या भुवया करायच्या. त्या दिवशी कुलूप खुर्चीत, डोळे मिटलेले, आणि दोरा चिमणीच्या दातात. चिमणी चक्क गप्प! असा योग कधी यायचा? कुलपाच्या तोंडून निसटलंच.

"आई घर सोडून गेली ना, तिचा नंबर आहे माझ्याकडे. मी फोन लावते, ती 'हॅलो' म्हणते, की मी ठेवून देते."

चिमणीनं दोरा थुंकला आणि तिला घट्ट मिठी मारली. कुलपाला वाटलं, हिच्यासाठी आपण काहीही करू.

हे वाटणं टिकलं जेमतेम दुसऱ्या दिवसापर्यंत.

एक बाई वॅक्सिंगला नुसती किंचाळत होती. अशा वेळी चिमणी काहीतरी चटकदार सांगायची आणि बाई ऐकण्यात गुंगली की पट्टी ओढायची. पडद्याआडून कुलपानं ऐकलं, "आमच्याकडे एक वेडी आहे बघा, आईला फोन लावते आणि..." खस्सकन! बाई खो खो हसली. तिला दुखलंच नाही.

"अगं, ती ओरडत होती, मला दुसरं काही सुचेना," चिमणी नंतर रडवेली झाली. "चुकलं माझं. हे बघ, मीपण माझं एक सांगते, म्हणजे फिट्टंफाट." ती खुर्चीत बसली, डोळे मिटले. कुलपानं दोरा दातात धरून भुवई कोरायला घेतली. "मालकीणबाईंना कळलं तर हाकलतील हं मला."

मालकीणबाई नेमक्या दारात चपला काढत होत्या. कुलपानं दोरा सोडून नुसतं "आल्या" म्हटलं असतं तरी भागलं असतं. तिनं मानेनंच त्यांना जवळ बोलावलं.

"इथली गिऱ्हाइकं मी रविवारी त्यांच्या घरी जाऊन करते," चिमणी सांगत होती. "आता तुझ्यामाझ्यात काही लपवाछपवी नाही, काय?"

"काही नाही," मालकीणबाई म्हणाल्या.

चिमणी ताडकन उठली. एक भुवई कोरीव, दुसरी झुडूप. "निदान ही तरी पुरी कर गं," ती पुटपुटली. कुलूप खुर्ची पुसत राहिली.

"तुझ्यासारखी विश्वासू मुलगी शोधून सापडायची नाही!" मालकीणबाईंनी पाठ थोपटली.

संध्याकाळी त्यांची बहीण आली. आतल्या खोलीत दोघी डोक्याला डोकं लावून कुजबुजत होत्या. कुलूप टॉवेल घ्यायला आत शिरली, तशी मालकीणबाईंनी बहिणीच्या हातावर हात ठेवला. दोघी गप्प. कुलपानं टॉवेल उचलले, ती बाहेर आली, आणि तिच्या पाठीमागे दार आतून लावून घेतलं गेलं.