कुशाबांचा चेहरा

भुकूममध्ये माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, निवड, श्रद्धांजली. माणसं बदलतात, फुलांची चौकट तीच. लोकांची तोंडं गोरी करून करून माझे डोळे शिणलेत. त्यात त्या दिवशी सगुणाबाई आल्या, पदराखाली एक फोटोफ्रेम धरून.

"पियूष, सोमवारी ह्यांचं वर्षश्राद्ध हाय. चौकात बोर्ड लावायचाय. औंदा तोंड दिसाय पायजे बघ."

दशक्रियेचा बोर्ड मीच केला होता. घरात फोटो तेवढा आधारकार्डावरचा, आणि तो मोठा केला तर कुशाबा ओळखूच येईनात. शेवटी नुसती समई छापली. तेव्हापासून बाई माझ्याशी धड बोलत नव्हत्या, आणि त्यांचं चुकत होतं असंही नाही.

फ्रेममधल्या फोटोला कुठलंसं बक्षीस मिळालेलं. मागे काचेचा झगझगीत टॉवर, पुढे धोतर-मुंडाशातले कुशाबा, हातात विळा. तोंड मात्र तव्याच्या बुडासारखं काळं.

फोटो काढणारा कौस्तुभ त्याच टॉवरमध्ये राहतो, आयटीत आहे. दशक्रियेनंतर त्यानेच ही फ्रेम बाईंना आणून दिलेली. फोन केला तर बिचारा लगेच लॅपटॉप घेऊन आला.

"तो कॉन्ट्रास्ट आहे," तो मला समजावू लागला. "गाव आणि शहर, अंधार आणि उजेड. चेहरा दिसला असता तर फोटोतली गंमतच गेली असती."

"तुमची गंमत गेली असती. यांचा नवरा गेलाय," मी म्हणालो. असल्या शहाणपणाचा मला वीट आलाय.

सगुणाबाई फ्रेमकडेच बघत होत्या. "ह्यो इळा कुणाचा?"

"मीच आणला होता, मावशी. धोतरही मीच नेसायला सांगितलं."

"तरीच. इळा सोडून वरसं झाली त्यास्नी. तुमच्याच बिल्डिंगीवर वाचमन व्हते की. रातपाळी करून आले आन् तुमी उन्हात हुबं केलं."

कौस्तुभने लॅपटॉप पुढे ओढला. त्याने मूळ फोटो उघडला आणि काळ्या भागातला उजेड वाढवू लागला. टॉवर पांढराफटक झाला. काळ्यातून आधी मिशी आली, मग गाल, मग डोळे. कुशाबाच ते! म्हटलं, चला, सुटलो एकदाचे.

सगुणाबाई पडद्याजवळ सरकल्या. डोळ्यांखाली सूज, पापण्या अर्ध्या मिटलेल्या. माणूस उभ्या उभ्या पेंगत होता. त्या सुजेवरून त्यांनी बोट फिरवलं.

"लई दमल्यात रं. सकाळी दार उघडलं की असंच तोंड असायचं."

मी फुलांची चौकट जोडायला घेतली, तर त्यांनी माझा हात धरला.

"ह्यो नगं. बोर्डावर पुन्यांदा काळंच कर."

"अहो मावशी, तोंडासाठीच आलात ना?"

"व्हय. पर दिसभर चौकात उन्हात हुबं ऱ्हायाचं हाय त्यास्नी. तोंडावर सावली तरी असू दे." पदराने त्यांनी डोळे पुसले. "ह्यो बारका काढून मला दे. घरात निजू दे."