निम्म्या खताचा गहू

तिनं चष्मा पुसला आणि पडद्यावरचं चित्र आणखी मोठं केलं. ड्रोननं सकाळीच वरून टिपलेला गहू. पूर्ण खताचे वाफे गडद हिरवे, निम्म्या खताचे फिकट. आणि खत निम्मंच, पण ज्यांच्या बियाण्याला नवऱ्यानं शोधलेले जिवाणू चोळले होते, त्या चार वाफ्यांपैकी तीन गडद हिरवे! कोपऱ्यातला चौथा तेवढा फिकट राहिला होता. व्हायचंच, एखाद्या वाफ्यात पाणी साचतं.

नवरा जाऊन सात महिने झाले होते. हे जिवाणू पिकाचं निम्मं खत वाचवतील, असं तो बारा वर्षं सांगत राहिला आणि बारा वर्षं लोक गालातल्या गालात हसत राहिले. ही शेवटची पेरणी त्याच्यामागे तिनंच करून घेतली होती. यंदाही काही दिसलं नाही, तर संशोधन संस्था त्याचा प्रयोग कायमचा गुंडाळणार होती.

"जिंकलास रे," ती त्याच्या रिकाम्या खुर्चीला म्हणाली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिला हसू आलं.

पण मेली नजर, नको तिथेच अडकते. बियाण्याला चोळलेल्या जिवाणूंचा परिणाम पेरणीच्या ओळीओळीनं दिसायला हवा. इथे तर हिरव्या कमानी होत्या, बांधाशी दाट आणि पुढे विरळ. बांधावर उभं राहून मूठमूठ खत फेकलं की पडतात, अगदी तशा.

ती तडक शेडमध्ये गेली. नवऱ्याबरोबर वीस वर्षं राबलेले मुकादम पोती झटकत होते.

"मुकादम, साहेबांच्या वाफ्यांत युरिया टाकलात?"

"कोण म्हणतं?"

"गहूच म्हणतोय."

पोतं त्यांच्या हातातून खाली आलं. तेही त्यावरच बसले.

"मग काय करू, वहिनी? पिवळे पडायला लागले होते. साहेब गेले ते गेले, वर त्यांचं हसं व्हायचं? माझ्याच्यानं नाही बघवलं."

तिला ओरडायचं होतं. काय करून बसलात, म्हणून विचारायचं होतं. पण त्यांच्या डोळ्यांतलं पाणी पाहून तिनं एवढंच विचारलं,

"चारही वाफ्यांत?"

"तीनच. कोपऱ्यातल्याला मूठ भरली, तोच तुम्ही बांधावर आलात."

म्हणजे खरा वाफा तेवढा तोच होता, फिकट राहिलेला.

"वहिनी," मुकादम हळूच म्हणाले, "तो कोपऱ्यातला मला पिवळाच दिसतो. पण तुमच्या यंत्राला आमच्यापेक्षा जास्त दिसतं ना? बघा की. थोडा तरी हिरवा असेल."

"असेल," ती म्हणाली. "बघून सांगते."

परत येऊन तिनं तीन वाफ्यांपुढे 'बाद' लिहून टाकलं. चौथ्यापुढे 'फरक नाही' हे दोन शब्द लिहायला तिला संध्याकाळ झाली.