बरोबरची खूण

जीवराम सर, म्हणजे माझे सासरे, शिक्षक मतदारसंघातून आमदार झाले तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. आधी नशिराबादला शिक्षक, मग धुळ्यात मुख्याध्यापक, मग शिक्षकांच्या संघटनेचे अध्यक्ष, आणि मग विधान परिषद. मी धुळ्याच्या घरात आले तेव्हा त्यांची निम्मी मुदत संपली होती. घरात सगळे त्यांना आबा म्हणायचे, मीही म्हणू लागले.

चुका दुरुस्त करणं त्यांच्या अंगातच होतं. अधिवेशनात एका मंत्र्याला मध्येच थांबवून त्यांनी त्याच्या उत्तरातलं साल दुरुस्त केलं होतं. घरी दूधवाल्याचं माप, अक्कांनी म्हणजे सासूबाईंनी सांगितलेली तिथी, मी माझ्या लेकीला, सोनाला, भरवताना चमचा कसा धरते, काहीही सुटायचं नाही. फक्त मास्तर लोक सुटायचे. तरुणपणी एका तपासणी अधिकाऱ्याने पोरांदेखत त्यांना फळ्यावरची चूक पुसायला लावली होती. तेव्हापासून त्यांचं ठरलेलं होतं, मास्तराला चारचौघांत शिकवायचं नाही. संघटनेतले लोक त्यांना मानायचे ते यामुळेच.

दुसऱ्या निवडणुकीच्या वेळी सोना जेमतेम बसायला लागली होती. या वेळी समोर जळगावकडचे एक संस्थाचालक उभे होते, त्यांच्याकडे गाड्या होत्या, माणसं होती. आबा हरले तर त्यांना दुसरं काही उरणार नव्हतं. शाळेतून निवृत्त झालेले, संघटना तरुणांच्या हातात गेलेली. विनाअनुदानित शाळांतल्या शिक्षकांचा प्रश्न त्यांनी अर्ध्यावर आणला होता, तो पुढे नेण्यासाठी आणखी एक मुदत त्यांना हवी होती. एवढंच ते मागत होते.

प्रचारासाठी त्यांचे जुने मित्र सुपडू सर साक्रीहून येऊन आमच्याकडेच राहिले होते. एका सकाळी ते ओट्यावर आबांचं प्रचारपत्रक वाचत बसले होते. मी सोनाला ऊन द्यायला तिथेच बसले होते. सुपडू सरांच्या हातात पेन होतं, आणि पटलेल्या प्रत्येक ओळीपुढे ते बरोबरची खूण करत होते. हाताचं त्यांना भानही नव्हतं. तोंडाने ते माझ्याशी सोनाच्या दातांबद्दल बोलत होते.

मी त्या खुणा मोजू लागले. या निवडणुकीत शिक्का नसतो, पसंतीच्या उमेदवारापुढे एक हा आकडा लिहायचा असतो, हे मी कॉलेजात राज्यशास्त्राला शिकले होते. खूण केली की मत बाद. आणि इथे सगळे मतदार मास्तर, जन्मभर पेपर तपासलेले.

दुपारी मी आबांना म्हटलं की प्रत्येक सभेत नमुन्याची मतपत्रिका दाखवून आकडा कसा लिहायचा ते सांगावं. ते हसले.

“पोरांना आकडे शिकवण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांना मी एक काढायला शिकवू? सूनबाई, तो त्यांचा अपमान आहे.”

मी ह्यांच्याकडे विषय काढला. आबांना कोण सांगणार, असं म्हणून ह्यांनी तो तिथेच सोडला. त्याच दिवसांत सोनाला ताप आला आणि मीही तो विषय सोडला.

मतमोजणी नाशिकला झाली. हे एसटीने परत आले आणि दारातच सगळं सांगितलं. आबा थोडक्यात पडले होते. जेवढ्याने पडले त्यापेक्षा बाद मतं जास्त होती, आणि त्यांतल्या बहुतेकांवर आबांच्याच नावापुढे बरोबरची खूण होती. काहींनी तर पेपर तपासल्यासारखी खाली सहीही केली होती.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढून धोतराच्या टोकाने पुसला. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. पाहतील म्हणून मी सोनाचं झबलं बदलत राहिले, ते ओलं नव्हतं तरी.

मतदानासाठी साक्रीला गेलेले सुपडू सर दुसऱ्या दिवशी परत आले. चपला काढायच्या आधीच अहिराणीत सुरू झाले.

“मतं बाद व्हयनात म्हणे, जीवराम? शिकेल लोकं शेतस का कोन?” शिकलेल्यांना एवढं कळू नये, अशी मान हलवत ते खुर्चीत टेकले आणि म्हणाले, “मी ते तुन्हा नावपुढे ही एवढी मोठी बरोबरनी खूण करी दिन्ही. दुसराना नावले शाईबी लागू दिन्ही नही.”

ह्यांनी तोंड उघडलं. अक्का दारातच थांबल्या. मी आबांकडे पाहत होते. आता ते दुरुस्त करतील असं मला वाटलं, निदान एवढी एक चूक, निदान आज.

“बेस करं, सुपडू,” आबा म्हणाले, चांगलं केलंस म्हणून. मग आत वळून, “सूनबाई, चहा ठेव.”

मी सोनाला कडेवर घेऊन स्वयंपाकघरात गेले. बाहेर सुपडू सर पुढच्या निवडणुकीचं सांगू लागले होते. कोणत्या तालुक्यात कोण आपला, कोणाला आतापासून धरून ठेवायचं. आबा मधूनमधून हुं म्हणत होते. माझं लक्ष तिकडेच होतं, त्यामुळे आबांच्या कपात साखर दोनदा पडली. ते माझ्या लक्षात आलं तेव्हा कप त्यांच्या हातात होता.

त्यांनी चहा शेवटपर्यंत प्यायला आणि साखरेचं नाव न काढता कप बशीत ठेवला.