एकशे पंधरा नंबर

लिंबाजी मुकादमानं पिशवीतून जपून आणलेलं पुस्तक बाहेर काढलं, उपरण्यानं पुसलं आणि खड्ड्याच्या काठावरून वाकून यशोधरेच्या हातात दिलं.

"घे. तुझा दुसरा भाग. आता कुणी माझं डोकं खायचं न्हाय."

खाली चाललेले टिकाव थांबले. बायकांनी पाट्या टेकल्या. भिमाबाईनं तर मिश्री लावलेलं बोट तसंच ओठाशी धरून ठेवलं.

कव्हर पहिल्या भागासारखंच, खाकी कागदाचं. पाठीवर डकवलेल्या चिठ्ठीवर जांभळ्या शाईत आकडा होता, ११५. यशोधरेनं पहिलं पान उघडलं. त्यात केतकी नव्हती. यान नव्हतं. पुण्यातलं एक कॉलेज होतं, फाटकाशी सायकली होत्या आणि एक मुलगी खिडकीत बसून कुणाची तरी वाट पाहत होती.

"वाचनालयात काय म्हणून मागितलंत, अण्णा?" तिनं जपून विचारलं.

"त्यात काय मागायचं? पहिल्यावर एकशे चौदा व्हतं. म्या म्हणलं, एकशे पंधरा द्या. त्यो नाव इचारत बसला. म्हणलं, नाव ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी, नंबर काढा."

पाझर तलावाच्या कामावर खड्ड्यांना नंबर असत. तेराव्या खड्ड्याची हद्द संपली की चौदावा सुरू. हजेरीपटावरची नावंही तशीच, एकाखाली एक. पुस्तकांचं काही वेगळं असेल, हे लिंबाजीच्या मनातही येणं शक्य नव्हतं. त्यासाठी तो बाजाराच्या दिवशी येरमाळ्याहून वाशी गावाला जाऊन आला होता, आणि आता काठावर कमरेवर हात ठेवून उभा होता.

यशोधरेनं आईकडं पाहिलं. बनाबाई पाठमोरी होती. टोळीत टिकाव न थांबवलेली ती एकटीच.

दुष्काळाच्या त्या दुसऱ्या वर्षी दहावीतून नाव काढून यशोधरा आईबरोबर कामावर आली, तेव्हा डब्याच्या फडक्यात पहिला भाग गुंडाळलेला होता. वाशीच्या सहकारी सोसायटीच्या माडीवर वाचनालय होतं. तिथून तो तिच्या वर्गशिक्षिकेनं आणून दिला होता. दुपारी कामावर वाटलेली सुकडी खाताना ती मनातल्या मनात वाचत होती, तर भिमाबाई म्हणाली की एकटीनं खाल्लेलं अंगी लागत न्हाय. भिमाबाई पाटलाच्या भावकीतली. एरवी बनाबाईच्या घराकडं तिचं पाऊलही वळलं नसतं, पण दुष्काळानं सगळ्यांना एकाच खड्ड्यात उतरवलं होतं. यशोधरा मोठ्यानं वाचू लागली. सुट्टी संपली तरी बायकांनी तिला उठू दिलं नाही. तिच्या वाटणीची माती त्यांनी आळीपाळीनं उचलली.

लिंबाजी पहिल्या दिवशी ओरडला. चार दिवसांनी त्याच्या लक्षात आलं की ऐकता ऐकता या बायका भांडत नाहीत, हात मात्र चालू राहतात, आणि यांचा खड्डा इतरांच्या पुढं आहे. मग त्याची छत्रीही नेमकी याच काठावर उघडी राहू लागली.

पाणी संपलेल्या एका ग्रहावरची ती गोष्ट. सोळा वर्षांची केतकी यानात बसून, आकाशात फिरणारा बर्फाचा डोंगर ओढून आणायला निघते आणि निरंजन खाली राहतो. इथंच पहिला भाग संपला होता. तेव्हा भिमाबाईनं, अर्ध्या वाटंवर पोरगी सोडणाऱ्या त्या लेखकाचा उद्धार केला होता.

यशोधरेचंही काही अर्ध्यावरच होतं. मामानं मुलगा पाहून ठेवला होता. बनाबाईनं त्याला सांगितलं होतं की तलाव होऊ दे, मग ठरवू. काय ठरवायचं, हे ती बोलली नव्हती. यशोधरेनं विचारलं नव्हतं. वाचन चालू होतं तोवर शाळा संपली असं तिला वाटत नव्हतं, एवढंच.

पुस्तक चुकलं म्हणून सांगितलं तर मुकादमाचं हसं होणार. मग छत्री दुसऱ्या काठावर जाईल आणि पाटी पुन्हा तिच्या डोक्यावर येईल.

"वाच की गं," भिमाबाई म्हणाली. "का त्यातबी पाणी आटलं?"

खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खुंट न खोदता ठेवलेला असे, खोली मोजण्यासाठी. त्याच्याच आडोशाला यशोधरा बसायची. खड्डा खोल जाईल तशी खुंटाची सावली वाढत होती. पाण्याची घागर तिथंच ठेवलेली होती, अजून गार. तिनं सावलीच्या कडेकडं पाहिलं आणि पुस्तक डोळ्यांसमोर धरलं.

"बर्फाचा डोंगर सापडला," ती वाचू लागली, "पण सूर्य समोर होता. घरी पोचेपर्यंत निम्मा डोंगर उडून गेला असता. तेव्हा केतकीनं आपलं यान सूर्याच्या आणि बर्फाच्या मधे आणलं. यान तापलं. बर्फ सावलीत राहिला."

"शानी हाय पोरगी," काठावरून लिंबाजी म्हणाला.

टिकाव पुन्हा पडू लागले. थोड्या वेळानं भिमाबाईनं निरंजनची चौकशी केली. यशोधरेनं पानावर नजर टाकली. तिथं एक मुलगा रोज संध्याकाळी सायकल घेऊन फाटकाशी उभा राहत होता. तिनं सायकल काढून टाकली आणि निरंजनला टेकडीवर चढवलं, हातात कंदील देऊन. रोज संध्याकाळी तो कंदील तीनदा झाकायचा आणि उघडायचा. वर केतकीला तेवढा ठिपका दिसायचा. एका बाईनं उगीच पदर सारखा केला.

पुढच्या ओळीत पुस्तकातली मुलगी वडिलांच्या शब्दाखातर कॉलेज सोडत होती. यशोधरेनं ती ओळ वाचली. मग पुन्हा वाचली. तिचा आवाज थांबला.

बनाबाई पाणी प्यायला खुंटापाशी आली. तांब्या तोंडाला लावण्याआधी, ओठ न हलवल्यासारखं, ती म्हणाली,

"पान उलट की. मगाधरनं एकच हाय."

यशोधरेनं वर पाहिलं. बनाबाईला अक्षर येत नव्हतं. ती घटाघटा पाणी प्यायली, तिनं तांब्या घागरीवर उपडा घातला आणि परत जाऊन टिकाव उचलला.

यशोधरेनं पान उलटलं.

"खालून निरोप आला, परत फीर," ती वाचू लागली. आता तिचा आवाज काठापलीकडच्या खड्ड्यातही ऐकू जात होता. "केतकी म्हणाली, पाणी घेतल्याबिगर मी फिरणार नाही."

त्यानंतर रोज पानं वेळेवर उलटत राहिली.

मोजणी झाली त्या दुपारी केतकीचं यान ग्रहावर उतरलं. बर्फ कोरड्या तळ्यात ठेवला आणि तो वितळू लागला, तेव्हा शेजारच्या खड्ड्यांतल्या बायकाही काठावर येऊन बसल्या होत्या. भिमाबाईनं यशोधरेच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. केतकीच्या लग्नाचं काय, असं कुणीतरी विचारलंच. भिमाबाई तिच्यावर डाफरली की आताच तर आली पोरगी, बसू तर दे. बायका हसत सुटल्या. मग मोजून झालेला खुंट टोळीनं चार घावांत पाडला.

लिंबाजीनं पुस्तक परत घेतलं, कव्हरवरची माती झटकली आणि घसा खाकरला.

"एकशे सोळा आणू का?"

यशोधरा बोलण्याआधीच बनाबाई म्हणाली, "आणा की. तुमचं तुमी वाचा. तिला सवड न्हाय आता."

मायलेकी घराकडच्या वाटेला लागल्या. टिकाव बनाबाईच्या खांद्यावर होता, रिकामी पाटी यशोधरेच्या कडेला.

"त्या पुस्तकात खरं काय व्हतं?" बनाबाईनं विचारलं.

"एक मुलगी आहे. कॉलेज सोडती. मग खिडकीत बसून रडती."

"शेवटपतूर?"

"शेवटपतूर."

बनाबाईनं टिकाव या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला.

"मामाला निरोप धाडलाय," ती म्हणाली.

"काय म्हणून?"

"पोरगी वर गेलीय म्हणून. पाणी घेतल्याबिगर फिरायची न्हाय."