अंगणात पायपेटी

नेब्रास्कातल्या त्या गावात माणसांपेक्षा गाई जास्त, आणि गाई काही वाचनालयात येत नाहीत. त्यामुळे आर्डिथबाईंच्या शनिवारच्या गोष्टींच्या तासाला मुलं उरली होती तीन. 'महिनाअखेरीपर्यंत पाच श्रोते झाले नाहीत तर तास बंद,' असं वाचनालय समितीचे अध्यक्ष लॅव्हर्न यांनी सांगून टाकलं. सांगताना टोपी काढली होती, म्हणजे मामला गंभीर.

महिन्याचे दोनच शनिवार उरले होते. बाईंनी चित्रांचं जुनं पुस्तक उघडलं. माळावर मातीच्या ढेकळांचं घर, पुढे पहिल्या वस्तीकऱ्यांचं कुटुंब ओळीने उभं. टेबल बाहेर, कलिंगड बाहेर, पायपेटीसुद्धा बाहेर. गाय छपरावर.

"घर सोडून चाललेत?" लॅव्हर्नची सहा वर्षांची नात हेटी म्हणाली.

"नाही गं, फोटोवाला आलाय. घरात अंधार, म्हणून सामान बाहेर. फोटो बघून लांबच्या नातेवाइकांना कळायला नको का, आमचं बरं चाललंय ते?"

"आणि गाय?"

"घर टेकाडात खणलेलं, छपरावर गवत. ती चरत चरत गेली वर."

हेटीने मान डोलावली. ती मान बाईंनी तेव्हाच ओळखायला हवी होती.

रविवारी चर्च सुटल्यावर लॅव्हर्नचा फोन. "आर्डिथ, काय वाचलंस पोरांना? माझा सोफा अंगणात आहे. शेळी गॅरेजच्या छपरावर आहे, आणि उतरणार नाही म्हणते."

"शेळी म्हणते?"

"हेटी म्हणते. शेळी खातेय."

तास आजच बुडाला, असं धरूनच बाई निघाल्या. अंगणात टीव्ही, कपाट, आणि बियाण्याच्या पोत्यांखालून निघालेली एक पायपेटी. हेटीच्या बापाने लेकीच्या हुकुमावरून सगळं ओढून काढलं होतं आणि फोटो नातेवाइकांना धाडलाही होता.

लॅव्हर्न फोन कानापासून हातभर लांब धरून उभे. पलीकडे, तो फोटो बघून, कॅन्ससची बहीण विल्डा. आईची पायपेटी भावाने विकली, या समजुतीने नऊ वर्षं अबोला.

"विकली नव्हतीस तर सांगायचं नाही का रे, गाढवा?"

"तू विचारलंस कुठे? थेट रडायलाच लागलीस!"

शेवटी विल्डाच म्हणाली, "बरं, छपरावर कोण आहे?"

पुढच्या शनिवारी तीन मुलांच्या शेजारी बुटक्या खुर्च्यांवर, गुडघे हनुवटीला लावून, लॅव्हर्न आणि विल्डा.

"पाच," लॅव्हर्ननी गंभीरपणे मोजलं. "नियमात वय लिहिलेलं नाही. नियम मीच केलाय."

विल्डाने बाईंच्या हातात मुरंब्याची बरणी ठेवली. "पुस्तकालाच देणार होते, पण त्याला हात नाहीत."

लॅव्हर्ननी पुन्हा टोपी काढली. बाईंनी घाईघाईने पुढचं पान उलटलं. चित्रात अख्खं कुटुंब बैलगाडीसकट नदी पार करत होतं.

हेटीने मान डोलावली.

लॅव्हर्ननी हळूच ट्रॅक्टरची किल्ली बुटात सरकवली.