तोंडात टाचण्या असताना

आमचे बाबा शिंपी. चाळीस वर्षांत त्यांनी दोनच गोष्टी मन लावून केल्या: कोट शिवले आणि अबोले धरले. भावाने दुकानात बसायला नकार देऊन बस चालवायला घेतली, तेव्हा बाबा चार वर्षं त्याच्याशी बोलले नाहीत. म्हणजे बोलायचे, पण आईमार्फत. "त्याला सांग, पंखा बंद कर." तो समोरच जेवत असायचा. पुढे भाऊ परगावी गेला आणि तो अबोला आपोआप मिटला.

आता आई नाही. घटस्फोटानंतर तीन वर्षं मी बाबांकडेच राहतेय, आणि माझ्यावर अबोला आला तर निरोप न्यायला मध्ये कोणीच नाही. मला घर सोडायचं होतं, बाबांना सोडायचं नव्हतं. नेमकं हेच त्यांना पटवायचं म्हणजे कठीण काम.

घरात आईने पाडलेली एक रीत होती. वाईट बातमी सांगायची ती बाबांच्या तोंडात टाचण्या असताना. कोट बेतताना ते दहा-बारा टाचण्या ओठांत धरतात. शेवटची लागेपर्यंत तोंड उघडता येत नाही, आणि तेवढ्यात निम्मा राग जिरतो. माझं गणितात नापास होणं, भावाची बस, माझा घटस्फोट, सगळं त्यांनी असंच ऐकलं.

शनिवारी सकाळी दुकानात वकीलबाई उभ्या होत्या, नव्या काळ्या कोटाची बाही लावून घेत. बाबांचे ओठ घट्ट मिटलेले दिसले. मी म्हटलं, "बाबा, एक तारखेपासून मी लिफ्टवाल्याकडे राहायला जातेय. लग्न करत नाही."

लिफ्टवाला म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा. मी कवळ्या बनवते त्या दवाखान्याच्या लिफ्टमध्ये मी अडकले होते, त्याने बाहेर काढलं. बाबांना तो माहीत होता आणि नापसंत होता. बाबांना नापसंत नसलेला माणूस मी एकच पाहिला, माझा नवरा.

पण माझा हिशोब चुकला. बाबांनी बाहीला एक टाचणी लावली, आणि ती शेवटची होती.

"लग्न का नाही?" मोकळ्या तोंडाने त्यांनी विचारलं.

"एकदा केलं की. तुमच्या पसंतीने. त्याचा कोटही तुम्हीच शिवलात."

"कोट उत्तम होता."

"कोट उत्तमच होता. आतल्या माणसाबद्दल बोलतेय मी."

वकीलबाई हळूच म्हणाल्या, "मी नंतर येऊ का?"

"हात खाली करू नका," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "आगीतून फुफाट्यात चाललीस. लोक काय म्हणतील?"

"घटस्फोट झाला तेव्हा म्हणायचं ते म्हणून झालंय त्यांचं."

वकीलबाईंना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात लपवलं. बाबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मला वाटलं, आला अबोला. आमच्या घरात पाळ्यांनंतर तोच येतो. आणि माझ्या तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"धरा आता अबोला. सवयच आहे तुम्हाला."

बाबांनी खडूने बाहीवर एक रेघ मारली. वाकडी आली. आजवर मी त्यांची वाकडी रेघ पाहिली नव्हती. ती पुसत, बाहीकडेच बघत ते म्हणाले, "अबोला धरायला घरात माणूस लागतं. तू गेल्यावर मी कोणाशी बोलायचं नाही?"

वकीलबाईंचा हात तसाच वर. मला खूप वाईट वाटलं आणि त्यांचा तितकाच राग आला. थांब म्हणायचंय, तर सरळ थांब म्हणावं की माणसाने. तसं म्हणाले असते तरी मी थांबले नसते, ते वेगळं.

एक तारखेला मी गेले. सामान निघालं तेव्हा बाबा दुकानातून घरीही आले नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी फोन लावला. त्यांनी उचलला आणि एक शब्द बोलले नाहीत. पलीकडे शिलाई मशीन चाललेलं ऐकू येत होतं.

मी नव्या घरातला मोरीचा नळ गळतो ते सांगितलं, शेजारीण कशी आहे ते सांगितलं, लिफ्टवाला घोरतो तेही सांगितलं. मी बोलायला लागले की मशीन थांबायचं, मी गप्प झाले की सुरू व्हायचं. असं पाऊण तास चाललं. फोन त्यांनी ठेवला नाही, आणि मीही ठेवला नाही.