आठनंतर दहा

मोठ्या सिस्टर जाऊन चार महिने झाले होते, तरी दवाखान्यातल्या त्या खोलीला सगळे अजून मोठ्या सिस्टरांची खोली असंच म्हणत. दारावर 'पूर्वतयारी कक्ष' अशी पाटी होती, पण ती कुणी वाचल्याचं ऐकिवात नव्हतं. सफाईवाल्या बाईसुद्धा नव्या पेशंटला सांगत, "सरळ जा, मोठ्या सिस्टरांच्या खोलीत बसा." पेशंट आत जाई, तर खुर्चीत धाकट्या सिस्टर. पन्नाशी उलटली तरी त्या धाकट्याच राहिल्या होत्या.

त्या सकाळी खोलीबाहेरच्या बाकावर मोठ्या सिस्टरांची मुलगी बसली होती. आजवर ती इथे आईचा डबा द्यायला, आईला न्यायला, आईवर चिडायला आली होती. पेशंट म्हणून पहिल्यांदाच येत होती.

दवाखान्यात तिला सगळे मात्रा म्हणत. ती छापखान्यात प्रुफं तपासायची. शाळेत असल्यापासून ती वॉर्डातल्या फळ्यावरचे ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त करायची, म्हणून सिस्टरांनी तिचं नाव काना-मात्रा ठेवलं आणि पुढे काना गळून पडला. आईला ते नाव फार आवडलं होतं. "माझ्याकडे मात्रा चुकली तर माणूस दगावतो," ती म्हणायची, "तुझ्याकडे चुकली तर नुसतं वाक्य दगावतं. तुझी नोकरी मजेची आहे."

मात्राला वरच्या पापण्यांची लोंबती कातडी कापून घ्यायची होती. वर्षभरात त्या इतक्या उतरल्या होत्या की छापखान्यातला प्रत्येक जण विचारी, "बाई, झोप झाली नाही का?" नाही झाली, असं ती सांगायची. ते खोटंही नव्हतं. पण आजारपणाच्या शेवटी आईच्या पापण्या अशाच खाली आल्या होत्या, आणि आता दात घासताना रोज सकाळी आरशातून तेच डोळे तिच्याकडे बघत. एवढं तिला काढून टाकायचं होतं. बाकी चेहऱ्याबद्दल तिची तक्रार नव्हती.

डॉक्टरांनी तपासून होकार दिला होता. गुरुवार मोकळा होता. मध्ये एकच अडसर होता, आणि तो तिच्या मांडीवर पडलेला होता: आईचा कागद.

या दवाखान्यात चेहरामोहरा बदलून घ्यायला आलेल्या माणसाला त्या कागदावरचे प्रश्न विचारले जात. उत्तरं ऐकून सिस्टरांनी खाली सही केल्याशिवाय डॉक्टर तारीख देत नसत. तो कागद आला कसा, हे मात्राला पाठ होतं. फार वर्षांपूर्वी नाक नीट करून घ्यायला आलेली एक बाई टेबलावर झोपल्यावर विचारती झाली, "मला पूर्ण झोपवणार का हो?" तिला कुणी काहीच सांगितलेलं नव्हतं. मोठ्या सिस्टरांनी तिला तिथून उठवलं, चप्पल घालायला लावली आणि चहा पाजला. त्याच दिवशी एक्स-रेच्या पाकिटावर त्यांनी पहिला प्रश्न लिहिला: भूल कोण देणार, आणि कितपत?

पुढे प्रश्न वाढत गेले. एकदा कुणा बड्या घरच्या बाईंना आठवड्याच्या आत लग्नाला नव्या चेहऱ्याने जायचं होतं. मोठ्या सिस्टरांनी सही केली नाही. डॉक्टर संतापले, "सिस्टर, पेशंट माझा आहे."

"टेबलावर चढला की तुमचा," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "खुर्चीत आहे तोवर माझा."

ही गोष्ट डॉक्टर स्वतःच नव्या डॉक्टरांना रंगवून सांगत. आईला शेवटचा निरोप द्यायला आले तेव्हाही त्यांनी तीच सांगितली होती, आणि शेवटचं वाक्य त्यांना पुरं करता आलं नव्हतं.

कागद छापायची वेळ आली तेव्हा भाषा मात्राने साफ केली. "मराठी तुझी, प्रश्न माझे," अशी वाटणी ठरली होती. सगळं सुरळीत चाललं, एका जागी सोडून. आठ नंबरच्या प्रश्नानंतर आईने थेट दहा लिहिला होता.

"आई, नऊ गळलाय."

"गळला नाही. ठेवलाय."

"म्हणजे काय? लोक विचारतील, प्रुफं कुणी वाचली?"

"माझ्या मुलीने वाचली म्हणून सांगेन."

त्यावर दोघींचं चांगलंच वाजलं होतं. शेवटी कागद तसाच छापला गेला. मात्राच्या हातून बाहेर पडलेली तेवढी एकच चूक, आणि ती भिंतीवर, टेबलावर, शेकडो लोकांच्या हातात. आज बाकावर बसूनही तिची नजर आठावरून दहावर उडी मारताना ठेचकाळलीच.

"मात्रा, ये गं," आतून हाक आली.

खोली होती तशीच होती. खिडकीकडे पाठ केलेली खुर्ची, भिंतीवर हातआरसा, कोपऱ्यात वजनकाटा. टेबलावर कसलीतरी कच्ची प्रुफं पडली होती. सवयीने तिचे डोळे तिकडे वळले, तर धाकट्या सिस्टरांनी त्यावर कोपर ठेवलं.

"ते नंतर. आधी पेशंट हो बघू."

"झालेच आहे, मावशी. तुम्ही माझ्या बाबतीत ढिलाई करू नका हं."

"ढिलाई? तुझी आई वरून माझी रजा कापेल."

दोघी हसल्या. मग धाकट्या सिस्टरांनी चष्मा लावला आणि त्यांचा आवाज बदलला.

"ऑपरेशन कोण करणार?"

मात्राने डॉक्टरांचं नाव सांगितलं, आणि ते स्वतःच करणार, हाताखालचे नाहीत, हे विचारून घेतल्याचंही सांगितलं.

"भूल?"

"फक्त पापणीपुरती. मी जागी असेन."

"व्रण कुठे राहील? तोंडाने नको, बोटाने दाखव."

मात्राने डोळा मिटून पापणीच्या घडीवरून बोट फिरवलं, थेट बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत.

"खुणा कशा करतात?"

"बसवून. आडवं केलं की कातडी मागे सरकते आणि माप चुकतं."

"शाबास. गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

"डोकेदुखीची एक असते. तिने रक्त पातळ होतं, म्हणून बंद केलीय. आणि काढे, चूर्ण असलं काही घेत नाही. तेही विचारायचं असतं तुम्हाला."

"विचारलं नव्हतं अजून."

"पुढचा तोच होता ना."

धाकट्या सिस्टरांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "परीक्षेला बसलेयस का गं?"

मात्रा थांबली नाही. सूज दोन आठवडे, काळंनिळं त्याहून थोडं कमी. टाके आठवड्याच्या आत निघतील. डोळे कोरडे पडतील, कदाचित पुष्कळ दिवस. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या होतीलच असं नाही. पहिले तीन दिवस मावसबहीण राहायला येणार. आठवा प्रश्न होता, या ऑपरेशनने काय बदलणार नाही. त्यालाही तिने घडाघडा सांगितलं: डोळ्यांखालची काळी वर्तुळं, भुवया, वय. एकेक उत्तर बिनचूक पडत होतं आणि तिला छान वाटत होतं. आईच्या कागदाला आईचीच मुलगी पुरून उरत होती.

"आता दहा," ती स्वतःच म्हणाली.

"थांब." धाकट्या सिस्टरांनी कागद पालथा घातला. "नऊ राहिला."

"नऊ नाहीच आहे."

"आहे. छापलेला नाही, एवढंच. छापला तर माणसं घरून उत्तर घेऊन येतात, असं मोठ्या सिस्टर म्हणायच्या. मला त्यांनी तोंडी शिकवला. मी पुढचीला तोंडीच शिकवणार."

लगेच त्यांनी विचारलं, अगदी सहज, वेळ विचारावी तसं:

"पट्टी सुटल्यावर पहिल्यांदा कुणाला दाखवणार?"

"आईला," मात्रा म्हणाली.

धाकट्या सिस्टरांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. रुमाल दिला नाही. मोठ्या सिस्टरांची तीही शिस्त होती: रुमाल दिला की माणसाला रडावंच लागतं.

"चुकलं ना उत्तर?" मात्राने विचारलं.

"यात चूक-बरोबर नसतं. कुणी नवऱ्याचं नाव घेतं, कुणी मैत्रिणीचं, कुणी म्हणतं मीच बघेन. सगळं चालतं. मग मी एवढंच विचारते, की त्या माणसाने बघून काहीच म्हटलं नाही, तर चालेल का? चालत असेल तर सही करते."

मात्राने पेल्यातलं पाणी संपवलं. आईने काहीच म्हटलं नाही तर. गेले चार महिने आई काहीच म्हणत नव्हती, आणि ते तिला मुळीच चालत नव्हतं.

"मग गुरुवार?"

"गुरुवार नाही. मी सही करत नाही." सिस्टरांचा आवाज मऊ होता, पण हललेला नव्हता. "पापण्या कुठे पळून जात नाहीत. तीन महिन्यांनी ये. तेव्हा वाटलं तर खुशाल कर, मी स्वतः टेबलाशी उभी राहीन. पण नऊ पुन्हा विचारणार."

"आता मला माहीत झाला की तो. मी उत्तर तयार करून येईन."

"येशील बरी. त्या म्हणायच्या, एकदा खरं उत्तर तोंडातून निघून गेलं की त्या जागी खोटं नीट बसत नाही. तुला तर एक अक्षर वाकडं बसलेलं खपत नाही."

मात्राला हसू आलं. मग तिच्या एकदम लक्षात आलं की तिला राग आलेला नाही. आठ प्रश्नांत आईच्या कागदाला ती हुलकावणी देऊन आली होती आणि नवव्याला कागदाने तिला अलगद धरलं होतं. घरच्या प्रुफवाचकाच्या नाकावर टिच्चून, इतकी वर्षं, भर पानावर, उघड्या रिकाम्या जागेत आईने तो प्रश्न लपवला होता. आईला चकवणं बड्या घरच्या बाईला जमलं नाही, डॉक्टरांना जमलं नाही, आणि पोटच्या मुलीलाही जमलं नाही. तिची पाठ आपोआप ताठ झाली. अशा बाईची मुलगी असणं ही काही साधी गोष्ट नव्हती.

"मावशी, ती प्रुफं दाखवा."

धाकट्या सिस्टरांनी कोपर उचललं. "कागद नव्याने छापायचाय. ऑफिसातल्या नव्या साहेबांनी जातीने लक्ष घातलंय. म्हणाले, पूर्वीचं कुणीतरी फार गाफीलपणे तपासलं होतं."

"असं म्हणाले?"

"मी काही बोलले नाही. म्हटलं, जिचं तिने बघावं."

मात्राने प्रुफ ओढून घेतलं. कागद, अक्षर, समास, सगळं नीटनेटकं होतं. एक ते अकरा आकडे ओळीने उभे होते, एकही गळलेला नव्हता. तिने पर्समधून लाल पेन काढलं. एक ते आठ तिने शब्दन् शब्द वाचले. मग नऊवर काट मारून शेजारी दहा लिहिला, दहावर काट मारून अकरा, अकरावर काट मारून बारा. समासात स्वच्छ, ठळक अक्षरांत तिने लिहिलं: आठनंतर दहा. ही चूक नाही. पुढेही असेच ठेवावे.

"साहेब विचारतील हं, हे कुणी केलं," धाकट्या सिस्टर म्हणाल्या.

"विचारू देत. मोठ्या सिस्टरांच्या मुलीने प्रुफं वाचली म्हणून सांगा."

आणि प्रुफाच्या खाली तिने सही केली.